गडग्यापलीकडचे फेरे

हे मी माझ्या हाताने लिहिले आहे. गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. शाळेत उशिरा गेलो आणि लवकर बाहेर पडलो, मराठी दुसरीच्या पुढे नाही. पण अक्षर मला कळते. पंचवीस वर्षे खनिज वाहणाऱ्या ट्रकवर, टिपरावर, ड्रायव्हर होतो, चलनावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय मी कधी सही केली नाही. हे मुलीने लिहून दिले असे कोणी म्हणेल तर ते खोटे. तिने फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितले, आणि तेही मी शेजारी बसून तपासले.

लिहायला डॉक्टरणीने सांगितले. म्हणाली, "काका, तुमच्यासारखे रोगी येतात, घाबरलेले असतात. त्यांना वाचायला काहीतरी लिहा." मी विचारले, यात तुमचा काय फायदा? ती म्हणाली, "माझा बोलायचा वेळ वाचेल." हे मला खरे वाटले, म्हणून लिहितो.

रोगाचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, ते सोडा. हा मणक्यांचा वात. मणक्यांना आतून सूज येते आणि लक्ष दिले नाही तर वर्षानुवर्षे ते एकमेकांना चिकटत जातात. शेवटी पाठीचा एकच दांडा होतो. माझी अर्धी पाठ तशी झाली आहे. ती आता परत येणार नाही. पण पाठीबरोबर मी माझा सख्खा धाकटा भाऊ बाबली यालाही तेरा वर्षे घालवून बसलो होतो, आणि माझ्यामुळे त्याचा डोळाही जायच्या बेताला आला. पाठीचे कोणीही सांगेल. मला हे दुसरे सांगायचे आहे.

*

सुर्ल्याच्या खाणीवर माल भरायचा आणि आमोण्याच्या धक्क्यावर ओतायचा, तिथून तो बार्जमध्ये चढायचा. दिवसाला जमतील तेवढ्या खेपा. आम्ही चारपाच ड्रायव्हर सुर्ल्यालाच खोली घेऊन राहायचो. धारगळला घरी जाणे आठवड्याने, कधी पंधरवड्याने.

तिशी लागली आणि सकाळी उठणे कठीण होऊ लागले. पाठ फळकुटासारखी. एका कुशीवर वळायचे, खिडकीचा गज धरायचा, मग पाय खाली. उठल्यावर अर्धा-पाऊण तास मी माझ्या टिपराभोवती फिरायचो. फिरल्यावर हळूहळू सुटायचे. बरोबरचे ड्रायव्हर चहा पीत बघत बसायचे.

"काय रे, टिपराक प्रदक्षिणा घालतंस?"

"टायर बघतंय."

"रोज? तुज्या टायराक काय पोरां जातली हत?"

मी हसायचो नाही. आपले दुखणे दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाही, ही माझी सवय. दुखते असे कळले की मुकादम गाडी दुसऱ्याला देतो.

शेवटी कळलेच. सगळे म्हणू लागले, गाडीच्या हादऱ्याने होते. साखळीच्या डॉक्टरानेही तेच सांगितले आणि पट्टा दिला. पण मला ते पटत नव्हते. गाडीने होत असेल तर गाडी सोडली की थांबायला पाहिजे. माझे उलटे होते. गणपतीत, चवथीला, आठ दिवस घरी आलो, खाल्ले, पडून राहिलो, की चौथ्या दिवशी मला उठवायला दोघे लागायचे. कामावर परत गेलो की कमी. पुढच्या चवथीला तेच. मे महिन्यात सुट्टी घेतली, तेव्हाही तेच.

आता मला माहीत आहे की हा रोग आरामाने वाढतो आणि हालचालीने मोकळा होतो. हे याचे लक्षणच आहे. तुमचे असे असेल तर आजच डॉक्टरला जाऊन सांगा. मला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि मी माझ्या डोक्याने अर्थ लावला. घरी आलो की दुखते. म्हणजे घरात काहीतरी आहे.

*

घरात म्हणजे कोण? आईवडील गेलेले. माझी बायको, लहान मुलगी, आणि बाबली व त्याची बायको. मी सुर्ल्याला, बाबली घरी. शेत तो बघायचा, काजूचे भाट, म्हणजे बाग, तो बघायचा. गावात मान त्याला. मला वाटू लागले की मी असलो काय, नसलो काय, याला बरेच आहे.

आणि मग मी त्याला बघितले. चवथीचेच दिवस. पहाटे लघवीला उठता येईना म्हणून मी खिडकीशी बसून होतो. अंधार फिकट होत होता. बाबली अनवाणी घराभोवती फिरत होता. तुळशीच्या पुढून जायचा, माझ्या खिडकीखालून जायचा, मागे न्हाणीकडे दिसेनासा व्हायचा, परत पुढे यायचा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी फेरे मोजले. एकवीस.

त्याचा एक हात मागे कमरेवर होता. हे मी तेव्हाही बघितले होते. पण कमरेवर हात का, हा विचार मला आला नाही. त्या मुठीत काय आहे, हे बघायला मी मान वर करत होतो, आणि मान वर होत नव्हती.

सरळ जाऊन विचारले असते तर दोन वाक्यांत संपले असते. मी विचारले नाही. संशय आला की मी कोणाला विचारत नाही, नुसता लक्ष ठेवतो. माझा स्वभाव.

*

आमच्याकडे अडचण असली की देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि तुमच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. बाकी जमलेली माणसे मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणतात. उजवीकडची पाकळी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरे. मात्र प्रश्न आपण घालायचा असतो. गुरव विचारतो, काय विचारू?

मी सांगितले, "हा त्रास बाहेरचा असेल तर डावी दे. घरचा असेल तर उजवी."

आज मी त्या प्रश्नाकडे बघतो. मी देवीला तिसरी वाटच ठेवली नव्हती. रोग आहे काय, हे मी विचारलेच नाही.

बाबली माझ्या मागे उभा होता. भावाच्या दुखण्याचा कौल म्हणून शेतातले काम सोडून आला होता. सगळ्यांच्या बरोबर तोही म्हणत होता, "व्हय म्हाराजा."

उजवी पडली.

गुरवाने कोणाचे नाव घेतले नाही. देवीनेही घेतले नाही. नाव मी घातले. घरी आल्यावर मी बाबलीला सांगितले, मला वाटणी पाहिजे. तो म्हणाला, "दादा, काय झाला ता तरी सांग." मी म्हणालो, "तुका ठावक असा."

त्याने परत विचारले नाही. तोही माझाच भाऊ, गर्व त्याच्याही अंगात आहे. घराची मधली भिंत धरून दोन भाग झाले. सुर्ल्याहून दोन माणसे आणून मी अंगणात चिऱ्यांचा गडगा घातला, छातीएवढा उंच, तुळशीपासून थेट मागच्या माडापर्यंत. जायला-यायला वाट ठेवली नाही. गडग्यानंतर मला थोडे बरे वाटल्यासारखे झाले. ते सहा महिने टिकले. चिरे उचलण्यात अंग हलले होते, त्याने बरे वाटले असेल, असे डॉक्टरीण म्हणते. मला तेव्हा तो कौलाचा पुरावा वाटला.

तेरा वर्षे आम्ही बोललो नाही. त्याची मुले झाली, मी बारशाला गेलो नाही.

*

त्रेपन्नाव्या वर्षी माझा उजवा डोळा लाल झाला. तोपर्यंत मी पुढे वाकलेला होतो, समोरच्याचे तोंड बघायला दोन पावले मागे जावे लागायचे. डोळा दुखत होता, उजेड सुईसारखा टोचत होता. घरकारीण, म्हणजे माझी बायको, म्हणाली, डोळे आले असतील. पण पापण्या चिकटत नव्हत्या, घाण येत नव्हती. मी टिपर उभे केले आणि म्हापशाला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो.

त्याने यंत्रातून बघितले, मग खुर्ची मागे घेऊन माझ्याकडे बघितले.

"पाठ दुखते का?"

मी सावध झालो. मी डोळा दाखवायला आलो आहे, हा पाठीचे विचारतो. मला वाटले, साखळीच्या डॉक्टरने याला फोन केला असावा. यांचे आपापसात असते.

"पाठीचा आणि डोळ्याचा काय संबंध?" मी विचारले.

"सकाळी जास्त दुखते, फिरल्यावर कमी होते?"

हे मी कोणालाच सांगितले नव्हते. बायकोलाही नाही. मी उठून निघणार होतो, पण त्याने डोळ्यात औषध घातले होते, मला दार दिसत नव्हते. त्याने कागद लिहिला आणि मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवले. म्हणाला, तीन दिवस उशीर केला असता तर नजर गेली असती.

हा डॉक्टर मला अजून आवडत नाही. पण बावीस वर्षांत कोणी विचारले नाही ते त्याने एका मिनिटात विचारले.

*

इस्पितळात दहा दिवस ठेवले. पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांवर लक्ष ठेवून होतो. सकाळी रक्त घ्यायला मुलगी यायची. एक बाटली, दोन बाटल्या, एक दिवस सहा बाटल्या. मी विचारले, एवढे कोणाला देता? ती म्हणाली, "तुमचं रक्त कोण घेतंय काका, ते वातड असेल." वॉर्डातले लोक हसले. मी त्या दिवशी प्रत्येक बाटलीवर माझे नाव बरोबर लिहिले आहे की नाही ते वाचून बघितले. एकीवर आडनाव चुकले होते. तिने गुपचूप दुरुस्त केले आणि तेव्हापासून बाटल्या स्वतःहून माझ्यापुढे धरू लागली.

सकाळी सहाला चहा, मग झाडूवाली, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्या मागे दहा शिकाऊ. मला उभे करून म्हणायचे, भिंतीला डोके लावा. माझे डोके भिंतीला लागत नव्हते, मध्ये वीतभर जागा राहायची. एक शिकाऊ ती पट्टीने मोजायचा. दहा जण बघत असताना आपली मान मोजून घेणे काय असते, ते ज्याच्यावर येईल त्यालाच कळेल.

माझी खाट भिंतीकडे तोंड करून होती. मान वळत नसल्याने मागून कोण येतो ते मला कळायचे नाही, अंगावर काटा यायचा. हे मी कोणाला बोललो नाही. वॉर्डातला जुना कामगार एक दिवस आला, खाटेची चाके सोडली आणि खाट दाराकडे फिरवली. त्या दिवशी मी पहिल्यांदा दुपारी झोपलो. घरकारीण सकाळच्या बसने यायची, येताना पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे फडक्यात बांधून आणायची. चहात उंडा बुडवून खाताना मला वाटायचे, अजून सगळे संपलेले नाही.

*

आठव्या दिवशी डॉक्टरीण आली. बारीक, चष्मेवाली, डिचोलीची. स्टूल ओढून माझ्या समोर बसली, इतकी खाली की मला तिचे तोंड बघायला त्रास होऊ नये. हे तिने मुद्दाम केले. मला ते कळले, आणि मी आणखी सावध झालो. गोड वागणाऱ्याला काहीतरी पाहिजे असते.

फोटो उजेडात धरून तिने मणके दाखवले. खालचे मणके सुटे सुटे दिसत नव्हते.

"काका, रक्तात पांढऱ्या पेशी असतात. अंगाचे राखणदार म्हणा. बाहेरचे जंतू आले की धरायचे आणि मारायचे, हे त्यांचे काम."

"मग?"

"तुमच्या पेशी घरच्यालाच परका समजतात. मणक्यांना बांधून ठेवणारे दोर जिथे हाडाला लागतात ना, तिथे जाऊन मारामारी करतात. एक पेशी दुसरीला बोलावते, दुसरी दहा जणींना. तिथे सूज येते. मग शरीर डागडुजी म्हणून नवे हाड घालते. असे करत करत मणके जुळतात. डोळ्यातही त्यांनीच सूज आणली."

मी म्हणालो, "आमचा राखणदार असे करत नाही." आमच्या वेशीवर गावाची राखण करणारा देव आहे, राखणदार, त्याला आम्ही रोट देतो, विडी ठेवतो. त्याने घरच्याला धरल्याचे मी ऐकलेले नाही.

"मुद्दाम नाही करत," ती म्हणाली. "ओळख चुकते."

"ओळख कोणी चुकवली?"

"ते अजून पूर्ण कळलेले नाही. थोडे घराण्यातून येते. बाकीचे आम्हालाही माहीत नाही."

डॉक्टर माणूस माहीत नाही म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकले. एक तर ही काही लपवते आहे, नाही तर ही खरे बोलते आहे. कुठले ते मला ठरवता येईना.

मी विचारले, "म्हणजे कोणी बाहेरून केलेले नाही?"

"बाहेरून कोण करणार? तुमचेच रक्त, तुमचेच हाड."

मग तिने पेन उघडले. "घरात आणखी कोणाला आहे का? भाऊ, बहीण? पहाटे पाठ धरते म्हणून उठून फेऱ्या मारणारे कोणी?"

माझ्या डोळ्यासमोर तुळस आली. अनवाणी पाय आले. कमरेवरचा हात आला, आणि त्या हातात काही नव्हते.

"नाही," मी म्हणालो.

तिने तसे लिहिले. घरकारीण खाटेमागे उभी होती. मला वळता येत नव्हते, पण ती माझ्याकडे बघते आहे हे मला पाठीत कळत होते.

*

डॉक्टरीण गेल्यावर ती पुढे आली.

"खोटा कित्याक सांगलात?"

"काय खोटा?"

"तेरा वर्सां मी गडग्याच्या हयसून बाबलीभावजींक फेरे मारताना बघतंय. आधी घराक मारीत होते, आता गडग्याच्या पलीकडे मारतत. तुमी टिपराक मारीत होत्यात ते आणि कसले? माका सुर्ल्याच्या लोकांनी सांगलेला असा."

"गप रव. लोक ऐकतत."

"ऐकांदेत. तुमी माका इतक्या वर्सांत गडगो कित्याक घातलात तां सांगूक नाय. मी इचारूक नाय. आता माका कळला. लाज वाटली."

तिने उंड्याचे फडके घडी घालून पिशवीत टाकले आणि संध्याकाळच्या बसची वाट न बघता गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तीस वर्षांत ती माझ्यावर रागावलेली मी अनेकदा बघितली होती. माझी लाज वाटलेली बघितली नव्हती.

ती आली नाही त्याच दिवशी सुईचे, म्हणजे इंजेक्शनचे, विचारायला डॉक्टरीण आली. गोळ्यांनी भागणार नाही, पेशी एकमेकींना जी हाक मारतात ती हाक अडवणारे औषध आहे, म्हणाली. ज्यांना आधी मिळते त्यांची पाठ वाचते. तुमची अर्धी वाचेल, डोळा वाचेल.

मी विचारले, "राखणदार गप बसवले तर घर कोण राखणार?"

ती हसली नाही. "बरोबर विचारलेत. धोका आहे. दुसरा आजार शिरू शकतो. म्हणून तर आधी छातीचा फोटो काढला, टीबी बघितला. ताप आला तर घरी बसायचे नाही, इकडे यायचे."

मला वाटले होते, म्हणेल काही होत नाही. मी तिला दोनदा विचारले, तिने दोनदा तेच सांगितले. मग मी सही केली. कागद पूर्ण वाचून.

तुमच्यापैकी कोणी सुईला घाबरत असेल तर घाबरा, पण हा प्रश्न विचारा आणि उत्तर ऐका.

*

दोन-तीन महिन्यांत सकाळची पाठ मोकळी झाली. तासाऐवजी दहा मिनिटे. मान वर आली नाही, पण आणखी खालीही गेली नाही. टिपर सोडले. पहाटे अंगणात फिरायचो, डॉक्टरणीने सांगितले तसे. गडग्याच्या पलीकडे बाबली फिरायचा. मी वर जायला लागलो की तो खाली जायचा. त्याचे डोके मला दिसायचे, पुढे झुकलेले. माझ्या चाळिशीत माझे जसे होते तसे.

रोज मी ठरवायचो, आज सांगायचे. आणि काय सांगायचे? तुला रोग आहे, असे? की मी तुला तेरा वर्षे काय समजलो, ते? पहिले सांगायला दुसरे सांगावे लागत होते. मी स्वतःला समजावले की विचारल्याशिवाय सांगणे बरे नाही.

मग एक सकाळ बाबली फिरला नाही. दुसरी सकाळही नाही. मी चिऱ्यावर हात ठेवून उभा राहिलो. तो ओसरीवर बसला होता, तोंड भिंतीकडे, डोळ्यावर पंचा. त्याची बायको धण्याचे पाणी गाळत होती.

मी घरकारणीला विचारून यायला सांगितले. ती आली. "डोळे इले हत म्हणतत."

"दोनय?"

"एकच. डावो."

"चिकटता?"

तिने माझ्याकडे बघितले. "तुमीच जाऊन बघा."

मला कळले होते. तरीही मी दोन दिवस घालवले. खरेच डोळे आले असतील, असे मनाला सांगत राहिलो. ते दोन दिवस मी कोणालाच माफ करायला सांगत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो. गडग्याला वाट नव्हती, म्हणून बाहेर रस्त्यावर येऊन, वळसा घालून त्याच्या अंगणात शिरलो. बाबलीने पावलांवरून ओळखले. पंचा काढला नाही.

"कित्याक इलंस?"

"डोळो दाखय."

"माजो डोळो माज्याकडे ऱ्हवांदे."

"उजेड टोचता?"

"तुका काय पडला हा?"

"म्हापशाक चल. आताच. रिक्षा हाडलंय."

"तू माका खंय तरी नेतलंस आणि सही घेतलंस. आता भाट होया काय?"

मी त्याला तेरा वर्षे जे समजलो, ते तो मला समजत होता, आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगले कारण होते. मी समजावून बघितले. पेशी, राखणदार, सूज. तो ऐकत नव्हता. त्याची बायको दारात उभी राहून माझ्या हातांकडे बघत होती.

मग मी विचारले, "पाठ कितको वेळ धरता सकाळची?"

त्याने भिंतीकडचे तोंड माझ्याकडे वळवले.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय. माजीय धरता. मी टिपराक फेरे मारीत होतंय, तू घराक. मी तुका खिडकीतसून बघलंय. एकवीस फेरे."

"मगे?"

"माका वाटला, तू माज्यार काय तरी करतंस."

धण्याच्या पाण्याचे भांडे त्याच्या बायकोने खाली ठेवले. बाबलीने पंचा काढला. डावा डोळा लालभडक होता, पाणी गळत होते. त्या डोळ्याने तो माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होता.

"म्हणान गडगो?"

"म्हणान."

"देवळात मी तुज्या पाठीमागे उबो होतंय. व्हय म्हाराजा म्हणी होतंय."

"ठावक असा."

त्याने पंचा खांद्यावर टाकला. मग भिंत धरून उठला. उठताना आधी एका कुशीवर कलला, मग हाताने जोर दिला, मग पाय. मी ते उठणे ओळखत होतो.

"सदरो घालतंय," तो म्हणाला. "आणि रिक्षाक पैसे तू दी. तेरा वर्सां माका चलवलंस, आता बसय."

*

म्हापशाच्या डॉक्टरने यंत्रातून बघितले, खुर्ची मागे घेतली.

"पाठ दुखते का?"

बाबलीने माझ्याकडे मान वळवली, जेवढी वळत होती तेवढी. "हे तू सांगलंस त्येका."

"देवीची आण, नाय."

"तुजी आण मी धरूंचय नाय," तो म्हणाला. तेरा वर्षांनंतर तो माझ्याशी हसला ते तिथे, डॉक्टरच्या खुर्चीत, एका डोळ्याने.

डोळा राहिला. पण पूर्ण राहिला नाही. डाव्या डोळ्याने त्याला आजही धुरकट दिसते, अक्षर वाचता येत नाही. दोन दिवस आधी आणले असते तर काय झाले असते, हे मी डॉक्टरला विचारले नाही. सगळे विचारणारा मी, हे विचारले नाही. बाबलीनेही विचारले नाही, आणि त्याने विचारले नाही हे मला माहीत आहे.

मग मी त्याला मोठ्या इस्पितळात नेले. डॉक्टरीण माझी जुनी फाईल उघडून बसली. "काका, इथे लिहिले आहे, घरात कोणाला नाही."

"खोटे लिहिले आहे," मी म्हणालो. "मीच सांगितले होते. आता खोडा."

तिने खोडले आणि बाजूला लिहिले. काय लिहिले ते मी वाचले. भाऊ.

*

या सगळ्याला चौदा-पंधरा वर्षे झाली. बाबलीची पाठ माझ्यापेक्षा सरळ आहे, तो आभाळ बघू शकतो. त्याच्या मुलांना मी स्वतः तपासायला घेऊन गेलो, दोघांना काही नाही. मी अजून सुईच्या डब्यावरची मुदत वाचतो, बर्फात ठेवून आणली की नाही ते विचारतो. नर्सा कंटाळतात. कंटाळू देत. पण विचारतो. नुसता लक्ष ठेवून बसत नाही.

तुम्ही नवीन रोगी असाल तर घरात कोण पहाटे फिरते ते आधी बघा. आणि त्याच्याकडे जा. रस्त्याने वळसा घालून जावे लागले तरी जा.

गडगा अजून तसाच आहे. घरकारीण म्हणते, आता तरी काढा. काढायला पाहिजे हे मलाही कळते, बाबलीलाही कळते. पण चिरा उचलायला दोघांपैकी एकाला तरी वाकता आले पाहिजे, आणि गडी लावायला बाबली तयार नाही. म्हणतो, ज्याने घातला त्यानेच काढायचा. मागच्या वर्षी मी काठीने रेटून वरचे दोन चिरे पाडले. यंदा तीन. पहाटे आम्ही आपापल्या बाजूने फिरतो, आणि त्या फटीपाशी आलो की थांबतो. तो विचारतो, "कितको वेळ आज?"

मी सांगतो, धा मिनटां.

"माजी पाच," तो म्हणतो. खोटे असते ते. मी मोजतो.